बसमधले खासदार

पांढरे हातमोजे चढवले की साहेब भाषण करणार, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो. शारजाच्या औद्योगिक भागात जपानी गाड्यांच्या जुन्या स्पेअर पार्ट्सचं गोदाम आहे, मी तिथे स्टोअरकीपर. नवे मॅनेजर जपानहून आले, लाकडी खोक्यावर चढले, हातमोजे घातले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय विल वर्क फॉर यू!"

"खलास," आमचा चिपळूणचा फिटर सावंत माझ्या कानात म्हणाला. "कंपनी बंद होतेय."

नंतर कळलं, साहेब दोनदा जपानच्या संसदेत निवडून आलेले. तिकडे प्रचारात असेच हातमोजे घालतात म्हणे. खासदारांचे पगार आधी कापा, मग लोकांवर कर लावा, हे त्यांचं ठाम मत. अशा माणसाला पक्षात मित्र किती असणार, तुम्हीच सांगा. त्यात त्यांच्या डोंगराळ भागातली रेल्वे सरकार बंद करायला निघालं, तेव्हा साहेबांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं. तिकीट गेलं. अपक्ष उभे राहिले, आपटले. मग मेव्हण्याने स्वतःच्या मालकीच्या या कंपनीत धाडलं.

"सर, पार्टीच्या विरुद्ध कशाला गेलात?" मी एकदा जेवताना विचारलं.

"त्या गाडीने सात मुलं शाळेत जायची. पक्षवाले म्हणाले, फक्त सात? मी विचारलं, त्यातलं कुठलं घरी बसवू?"

पुढे मेव्हण्याचा ईमेल आला. कामगारांच्या लांबच्या कॅम्पची बस बंद करा, चौघांसाठी परवडत नाही. त्या चौघांत सावंत होता. बस गेली तर भर उन्हाळ्यात तासभर पायपीट.

साहेबांनी उत्तर लिहिलं नाही. कंपनीचा फ्लॅट सोडला, बॅग उचलली आणि थेट सावंतच्या खोलीत राहायला गेले.

"आता पाच," म्हणाले.

सावंतने पहिल्या दिवशी कुळथाची पिठी वाढली. साहेबांनी दोनदा मागून घेतली. वरच्या बंकवर स्वतःच चढले. पहाटे बसमध्ये सगळ्यांच्या आधी हजर.

आठवड्याने मेव्हण्याचा फोन आला. पलीकडून आरडाओरडा आणि साहेब मान खाली घालून, "हाय... हाय... हाय..."

सावंतने हातातला पाना खाली ठेवला. "कोण गेलं हो?"

"अरे, जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'!" मी म्हटलं.

हो म्हणाले, पण केलं काहीच नाही. शेवटी नवरा लेबर कॅम्पात झोपतो हे मॅडमना कळलं आणि त्यांनी भावाला असं झापलं की बस चालू राहिली. साहेबांना मात्र जपानला परत बोलावलं. निरोपाला सावंतने साहेबांची बॅग गाडीत ठेवली. "सर, जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणाला, तेही मराठीत.

गेल्या महिन्यात साहेबांचा मेसेज आला. तिकडची रेल्वे बंद झालीच. ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. आता गावची मिनीबस चालवतात.

सोबत फोटो होता. साहेब स्टेअरिंगमागे, चेहरा गंभीर. मागच्या सगळ्या सीट रिकाम्या. फक्त शेवटच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर कोबीचा गड्डा घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली.