पंख्याचा खोका

जपानमध्ये, निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जपानी म्हातारा राहतो. कचऱ्याची जागा बापजाद्यांची असल्यासारखा तिथे उभा असतो. आपलं जरा चुकलं, की छातीवर हातांची फुली करून "दामे, दामे, दामे!" करतो. म्हणजे चालणार नाही. एकदा म्हणून त्याचं भागत नाही.

मोठ्या भूकंपानंतर विजेचा तुटवडा झाला, ती जपायची म्हणून मुलाने कमी वीज खाणारा पंखा आणला. खोक्यावरचा बारकोड कापून टपालाने पाठवला, की कंपनी थोडे पैसे परत देणार होती. मी त्याची झेरॉक्स पाठवली, ती परत आली; सोबत कंपनीचं पत्र, की खोक्यावरचा मूळ बारकोडच हवा.

सून म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. खोका मी सकाळीच कचऱ्यात ठेवला."

"हक्काचं आहे, आणूनच दाखवतो," म्हणालो आणि कात्री घेऊन खाली धावलो.

म्हाताऱ्याने फुली केली. टाकलेलं परत घ्यायचं नाही! मी कंपनीचं पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. ते वाचून तो पहिल्यांदाच हसला. एवढ्यात कचऱ्याची गाडी आली. म्हातारा तरातरा पुढे गेला आणि गाडी वाकडी लावली म्हणून त्याने गाडीवाल्यांना फैलावर घेतलं. त्याची बडबड चालू होती तोवर मी बारकोड कापून खिशात टाकला.

गाडी गेल्यावर मी त्याला वाकून नमस्कार केला. त्याने बोटाने जमीन दाखवली. पुठ्ठ्याचे कपटे पडले होते. घरात मी खाली पडलेलं कधी उचलत नाही, पण तिथे मुकाट्याने वेचले.

वर येऊन सुनेला बारकोड तेवढा दाखवला.