डब्यात घातलेली गोळी

माझी तुळसामावशी नागपूरजवळच्या मौद्याची. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तिचा नियम. घरात काही नसलं तर शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर तरी घालायचीच. आम्ही हसायचो. पण इस्पितळातही ती हेच करेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शहात्तर साली तिच्या नवऱ्याला, आमच्या देवाजीकाकांना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या इस्पितळात तेव्हा एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. काही रोग्यांना ती गोळी, बाकीच्यांना जुनंच औषध. काकांच्या वाट्याला नवी आली आणि महिन्याभरात त्यांची धाप कमी झाली. शेजारच्या खाटेवरच्या लहानूला जुनं औषध होतं. तो खंगतच चालला. त्याची बायको देवकी नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतून रोज डबा आणायची, त्यात मावशीसाठीही भाकर असायची. मावशीजवळ परत द्यायला काय असणार? गोळ्यांची पुडी मात्र तिच्याच हाती होती. ती रोज काकांच्या दोन गोळ्यांतली एक डब्यात घालू लागली आणि देवकी ती मुकाट्यानं लहानूला देऊ लागली.

काकांची धाप पुन्हा वाढली. छातीच्या फोटोत गाठही वाढलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "दोघायचा रोग एकच हाये बाई. मंग दवाई एकट्याचीच काहून? अन् डबा रिकामा कसा धाडू?"

बाई भडकल्या. मीही भडकले. दयामाया ठीक, पण ती नवऱ्याच्या जिवावर?

मग बाईंनी लहानूचाही फोटो काढवला. त्याची गाठ जरासुद्धा हलली नव्हती.

"एवढ्या गोळ्या पोटात गेल्या, काहीतरी फरक दिसायला हवा होता," बाई म्हणाल्या. "नाव एक असलं तरी दोघांचा रोग आतून वेगळा असावा. का, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

हे देवकीला सांगायचं मावशीच्या जिवावर आलं, तरी तिनंच सांगितलं. "लहानूले लागू नाही पडली वं. आता आमच्या याले पुरी द्या लागन."

देवकीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. ही आता आपल्याशी बोलणं टाकणार, असं मावशीला वाटलं.

"त्यालेच दे सगळ्या," देवकी म्हणाली. "दोघायतला एक तरी घरी जाऊ दे वं."

लहानू पोळ्याआधी गेला. काका मौद्याला परतले. नवरा वाचल्याचा आनंद मावशीनं कधी मोठ्यानं बोलून दाखवला नाही, आणि तिचं तेवढं तरी मला पटतं.