'स्वतः जेवते'

पाम गावच्या एका बाईंचा उजवा हात बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनमध्ये सापडला. बोटं वाचली, पण वळेनात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. असे हात पुन्हा रोजच्या कामाला लावणं हे माझं काम. दोन महिन्यांत बोटं अर्धी मिटायला लागली होती. पुढचे उपचार विम्यातून मिळणार की नाही, हे माझ्या अहवालावर ठरायचं.

आणि मला मेलीला चांगल्या अहवालाची भारी हौस! बाईंनी डाव्या हातात चमचा धरून पोहे खाल्ले. मी टाळ्या वाजवल्या आणि 'जेवण' या रकान्यात 'स्वतः करते' अशी खूण केली. कपडे, वेणी, सगळीकडे तीच खूण. अहवाल कसा झकास दिसत होता.

विमा कार्यालयाचं उत्तर आलं: रुग्ण स्वावलंबी आहे, उपचारांची गरज नाही. बाई पत्र घेऊन आल्या.

"आता काय करायचं, मॅडम?"

"नियम आहेत हो ताई. घरी व्यायाम करत राहा."

खरं तर त्याच दिवशी कार्यालयात जाऊन भांडायला हवं होतं. पण भांडायचं म्हणजे आधी स्वतःची चूक कबूल करायची. तिथेच माझं घोडं अडलं.

चार महिन्यांनी उमरोळीला आमच्या नर्सच्या लग्नात त्या दिसल्या. पंगत बसली होती, आणि बाई मात्र मांडवामागे, ताट मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मला बघताच डावा हात पदराखाली गेला.

"चारचौघांत डाव्या हातानं जेवायला लाज वाटते, मॅडम. घरी पण सगळ्यांच्या मागनं एकटीच जेवते. कोण काय बोलत नाय, पण घास उतरत नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई स्वतः जेवते, असं मी लिहून दिलं होतं!

दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं: आधीचा अहवाल चुकीचा होता, उजवा हात अजून कामाचा नाही, उपचार द्या. स्वतः घेऊन गेले, साहेबांसमोर ठाण मांडून बसले. मंजुरी मिळाली. एवढं सोपं होतं ते! पण तोवर सांधे आखडले होते. महिनाभर खटपट केली, तरी त्या बोटांत घास काही धरवेना.

शेवटच्या दिवशी बाई चिकूंची पिशवी घेऊन आल्या. सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "या मॅडम माझ्यासाठी भांडल्या. आमच्यासाठी कोण भांडतं?"

उपचार मुळात कोणामुळे बंद पडले, हे मी सांगितलं नाही. चिकू घेतले, आणि वर म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!"