नर्सअक्कांची घाई

आमच्या मुडबीच्या नर्सअक्कांइतकं उतावीळ माणूस अख्ख्या बसवकल्याण तालुक्यात सापडणार नाही, पैज लावते! चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. स्कूटी बंदही न करता दारातून ओरडायच्या, "कितवा महिना ग? इंजेक्शन घेतलीस?" एका लग्नात तर अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरीलाच गरोदरपणाच्या गोळ्या चालू करायला सांगितलं. नवरीची आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वार म्हणजे बाळंतपणानंतर पुरून टाकायची वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक. अक्का मात्र तिचं कौतुक माहेरच्या माणसासारखं करत. "आईचं रगत येगळं, लेकराचं येगळं. मिसळत न्हाई. पण आईच्या रगतात रोगाला अडवणारी प्रतिपिंडं असत्यात, ती वार उचलून लेकराला देतीय. शेवटच्या महिन्यांत तर लई." मी विचारलं, "आणि आईकडंच नसली तर?" "मग काय देईल, कपाळ?"

आणि नेमकी मीच फसले. डोहाळजेवणाला माहेरी उदगीरला गेले, आईनं ठेवूनच घेतलं. धनुर्वाताच्या लशीचा दुसरा डोस राहिलेला. लशीचं कार्ड कर्नाटकातलं, कन्नडमध्ये, मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आईनं शिक्का पाहिला, "झालंय सगळं" म्हणाली आणि कार्ड कपाटात ठेवलं. मीही मान डोलावली, मूर्खासारखी.

दीड महिन्यानं रजिस्टर चाळताना अक्कांच्या ते लक्षात आलं, आणि दोन बस बदलून त्या थेट दारात. आई म्हणाली, "बसा की, चहा ठेवते."

"बसायला आले न्हाई मी. पोरगी कुठाय?" मग माझ्यावर घसरल्या. "आरामात आंबे खायलीस व्हय? टोचल्यावर तुझ्या अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे तरी लागत्यात, मग ती लेकराकडं जाणार. तवर बाळंत झालीस तर?"

तारखेला चारच आठवडे उरले होते. मला रडूच फुटलं. रिक्षात घालून त्यांनीच मला दवाखान्यात नेऊन डोस दिला. मग रोज फोन, "कळा न्हाईत ना? थांबव लेकराला!" जसं काही ते माझ्या हातात होतं!

टोचल्यापासून पंचविसाव्या दिवशी मुलगी झाली, धडधाकट. कळवलं तेव्हा फोनवर नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

आता अक्का निवृत्त होऊन कलबुर्गीला एकट्याच राहतात. फोन मात्र येतो. "तुझ्याकडनं मिळालेलं कवाच सरलंय तिचं. पाचव्या वर्षाचा डोस विसरू नको." मी "व्हय अक्का, आणि तुम्ही कशा..." म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवलेला असतो. एवढ्या वर्षांत ते वाक्य मला एकदाही पुरं करता आलेलं नाही.