पाण्याच्या पाळीचा फासा

कॉलेजात जाणारी नात काल लॅपटॉपवर फासा बनवत होती. बटण दाबलं की एक ते सहातला कुठलाही आकडा यायचा. "आबा, पुढं काय पडंल ते कुणालाच सांगता येत न्हाय."

मला आमच्या पणदरे गावचा पार आठवला. उन्हाळ्यात पाटाचं पाणी आधी कुणाला, ते आमी फासा टाकून ठरवायचो. शेजारच्या शेतातला सर्जेराव घरचा फासा आणायचा. तापल्या दगडावर टक्कन आवाज यायचा आणि त्याला दर खेपेला सहाच. "नशीब लागतं गड्या!" माझा ऊस उभा वाळला. मी नशिबाला शिव्या देत बसलो.

नशीब कसलं! त्यानं फाशात शिसं भरलं होतं, हे लई वर्षांनी कळलं.

"पोरी, सर्जेराव अजून जिता हाय. चल, ह्यो फासा घेऊन पारावर."

"त्यांना कायम एकचाच आकडा पडंल असं करू?"

"न्हाय. लबाडीशिवाय हरताना बघायचाय मला त्यो."