पेंढ्याच्या गंजीवरचं विमान

आमच्या घराण्यात विमान उडवणारा मी पहिलाच, आणि घरच्यांच्या मते शेवटचाही.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, हलक्या फोमचं, पण पंख लावले की आमचं अख्खं जेवणाचं टेबल व्यापणारं. लोणावळ्याच्या पावसाळ्यात आम्ही गावची माणसं घराबाहेर पडत नाही (रस्त्यावर पर्यटकांना जागा नको का?), त्यामुळे ते मी घरात बसून स्वतःच्या हातांनी बनवलं. माझी बायको वैशाली पोह्यांतून फोमचे कण निवडता निवडता विचारायची, "अहो, हे उडणार कधी? निदान टेबलावरून तरी?"

खरं सांगतो, हा सगळा खटाटोप माझ्या सासऱ्यांसाठी होता. आबा जवळच्याच औंढ्याचे शेतकरी. लग्नानंतर लगेच मी हौसेने त्यांच्या गोठ्याला कडी बसवून दिली होती. ती कडी म्हशी स्वतःच उघडायला लागल्या! तेव्हापासून माझ्या हातात साधा हातोडा दिसला, तरी आबा मायेने म्हणतात, "ऱ्हाऊ द्या पावणं, तुमी च्या घ्या." मी बनवलेल्या एका तरी वस्तूला आबांनी 'झकास' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

विमान पंखांखाली दोन बोटं लावून उचललं, तर सपाट राहायला हवं. माझं शेपटीवर बसायचं. मग नाकात नटबोल्ट भरले, तेव्हा कुठे तोल साधला. (आमचा मिक्सर हल्ली चटणी वाटताना ओट्यावरून फिरतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी घरात सांगून ठेवलं आहे.)

भातकापणी, झोडणी उरकली आणि आबांची खाचरं मोकळी झाली, तसे आम्ही औंढ्याला पोचलो. आबा आणि माझा मेहुणा दत्ता पेंढ्याची गंजी रचत होते. दत्ता गंजीवर उभा. आबा खालून एकेक पेंढी वर भिरकावणार, दत्ता ती झेलून पायाखाली दाबणार आणि न बघताच पुढच्या पेंढीसाठी हात पसरणार. काम नुसतं बघत राहावं असं!

खाचरात उतरलो आणि माझ्या लक्षात आलं, की या धसकटांतून विमानाची चाकं वीतभरसुद्धा पळणार नाहीत. म्हणजे ते हातानेच फेकायला हवं. माझ्या हातात रिमोट. वैशाली मोबाइलवर चित्रीकरण करणार. उरले आबा.

"आबा, सरळ समोर सोडायचं हं. खांद्यावरून, अलगद. वर फेकायचं नाही!"

"व्हय की. त्यात काय हाय?"

वारा गंजीच्या बाजूने येत होता आणि विमान तर वाऱ्याच्या तोंडावरच सोडावं लागतं. मी रिमोटने विमानाच्या नाकावरचा पंखा सुरू केला. "एक, दोन... तीन!"

"हं, घे रं दत्त्या!" आबा ओरडले आणि त्यांनी विमान खालून वर, थेट गंजीवर भिरकावलं!

मी घाबरून पंखा बंद केला. (आयुष्यात वेळेवर केलेलं माझं हे एकमेव काम.) दत्ताने विमान अचूक झेललं, खाली ठेवलं, त्यावर पाय दिला आणि हात पसरून म्हणाला, "येऊ द्या फुडची!"

मग दत्ताने पायाखाली पाहिलं. "आयला! दाजी, हे तुमचं व्हय?"

वैशाली इतकी हसली, की चित्रीकरणात नुसतं आभाळ आणि तिची चप्पल आली. आबा मात्र खजील झाले. "काय करू पावणं, या हाताला तेवढीच सवय."

पेंढा मऊ, म्हणून विमान वाचलं. फक्त शेपटी कलली होती. ती चिकटपट्टीने सरळ केली, दत्ताला गंजीवरून उतरवलं आणि हात मागे बांधून उभं केलं. आबांनी पुन्हा विमान हातात घेतलं. मी पंखा सुरू करून "तीन" म्हणालो आणि भीतीने डोळे गच्च मिटले.

टाळ्या! शिट्ट्या! "आवो, उडालं की वो!" दत्ता ओरडत होता.

"अहो, डोळे उघडा!" वैशाली किंचाळली.

उघडले. माझं विमान खाचरांवरून एखाद्या घारीसारखं डौलात वळून माझ्याकडेच येत होतं! आता आपणही काहीतरी करावं, म्हणून मी रिमोट उजवीकडे दाबला. विमान समोरून येत असेल, तर आपली उजवी बाजू उलटी पडते, हे मला ठाऊक होतं. पण ते मला विमान उकिरड्यात नाक खुपसून उभं राहिल्यावर आठवलं!

आबा शांतपणे गेले, विमान उपसलं, पंच्याने पुसलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "पावणं, बनीवलंय मातर झकास!"

मी हरखलो. डोळ्यांत पाणीच आलं. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी हात लावला न्हवता, तवर लय ग्वाड उडत व्हतं!"

निघताना वैशालीने गाडीची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. मी वाद घातला नाही. अर्धवट 'झकास' तर 'झकास', असं म्हणत विमान मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलो, आणि लोणावळा येईपर्यंत कशालाही हात लावला नाही!