काकासाहेबाचा अर्जनवीस

काकासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. गावी, देवगाव रंगारीत, त्याचं कुणाला काही वाटत नाही, तिकडे प्रत्येक गल्लीत एक काकासाहेब सापडतो. शहरात मात्र पस्तिशीच्या माणसाला ते नाव दोन मापं मोठ्या कोटासारखं झालं. संस्थेत नवीन आलेली माणसं पांढऱ्या केसांचा कुणीतरी शोधत त्याच्या खोलीत शिरायची आणि त्यालाच विचारायची, काकासाहेब कुठे बसतात. तोही कंटाळून "बाहेर गेलेत" म्हणायला शिकला होता.

संस्था पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे. पाऊस, भूजल, पिकं यांची तिथे गणितं चालायची, आणि ती एवढी अजस्र की एका संगणकाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून एका गार खोलीत साठेक यंत्रं एकमेकांना जोडून ठेवली होती. त्याला क्लस्टर म्हणत. कुठलं यंत्र कुणाला, कधी, किती वेळ द्यायचं हे ठरवायला शेड्युलर नावाचा प्रोग्राम होता. प्रत्येकानं आपल्या कामाचं वर्णन त्याला लिहून द्यायचं: यंत्रं किती हवीत, मेमरी किती लागेल, वेळ किती जाईल. मग तो कामं रांगेत लावायचा. काकासाहेब या सगळ्या संसाराचा राखणदार होता.

शेड्युलर फार भोळा. सांगाल ते खरं मानतो. आणि त्याची गाठ पडली होती आपल्या माणसांशी. वीस मिनिटांच्या कामाला एकेक विद्वान तीन दिवस मागायचा. का, तर असू द्यावेत हाताशी. मेमरीही सगळीच्या सगळी. कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं वर्णन दुसऱ्यानं उचललं, त्याच्याकडून तिसऱ्यानं, आणि प्रत्येकानं जाता जाता त्यात थोडी भर घातली. परिणाम असा की निम्मी यंत्रं राखून ठेवलेली, रिकामी, आणि बाहेर ही रांग. मग तीच माणसं काकासाहेबाच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. तेव्हा मात्र त्यांचं काम पाच मिनिटांचं असायचं. "पाचच मिनिटांचं आहे हो, तेवढं पुढे घ्या." यंत्राकडे मागताना तीन दिवस, माणसाकडे मागताना पाच मिनिटं! काकासाहेबाचं डोकं दिवसातून दहादा फिरायचं, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

हे रोजचं झालं. खरा प्रश्न त्याच्या आईचा होता.

आवडाबाई गावी एकटीच राहायची. उजवा गुडघा पार झिजला होता. अंगणातून ओसरीवर चढायचं तर भिंत धरून, दातावर दात ठेवून. वाटी बदलायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा काकासाहेबामुळे मोडलं. पहिल्यांदा वार्षिक अहवालाची गडबड होती म्हणून त्याला रजाच मिळाली नाही. दुसऱ्यांदा रजा मिळाली, आईला दवाखान्यात दाखलही केलं, पण ऐन सकाळी क्लस्टर बंद पडला आणि हा "आलोच" म्हणून गेला तो संध्याकाळी उगवला. तोवर ऑपरेशनची वेळ टळली होती. आवडाबाई पिशवी भरून पलंगावर बसली होती. बरं झालं, मलाबी नव्हतंच करायचं, म्हणाली. एसटीत बसून गेली आणि पुन्हा त्यावर चकार शब्द काढला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर काकासाहेबाला सोपं गेलं असतं.

आता डॉक्टरांनी बजावलं होतं की अजून टाळाल तर दुसराही गुडघा जाईल. मार्चमधला एक मंगळवार ठरला. बायको शाळेत शिक्षिका, दहावीच्या परीक्षेत अडकलेली. म्हणजे दवाखान्यात थांबायला काकासाहेबच. आईला किती दिवस राहू म्हणून फोनवर विचारलं, तर दोन दिवस लई झाले म्हणाली. त्यानंही साहेबांकडे दोनच दिवस मागितले. जास्त लागणार हे त्याला ठाऊक होतं, पण आधी दोन पदरात पाडून घ्यावेत, पुढचं पुढे, असा हिशेब.

साहेब म्हणजे व्यंकटराव. माणूस वाईट नाही, पण अडचण दिसली की ती दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होणारा. रजेला ना नाही म्हणाले, फक्त मागे रांगेचं कोण बघणार याची व्यवस्था करून जा.

काकासाहेबानं व्यवस्था केली, आणि केली तीही झकास. दोन महिने खपून त्यानं एक प्रोग्राम लिहिला. आता कामाचं वर्णन हातानं लिहायचंच नाही. आपल्या गणिताच्या प्रोग्राममध्येच चार ओळी टाकायच्या: हे काम, ही माहिती, त्याच्यानंतर हे. बाकी वर्णन तो प्रोग्राम तयार करणार. माहिती केवढी आहे ते बघणार, असल्या कामांना मागे किती वेळ लागला ते बघणार आणि शेड्युलरकडे नेमकं तेवढंच मागणार. तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस जसा तुमचं रडगाणं ऐकून कामापुरतं कागदावर उतरवतो, तसं. संस्थेत त्याचं नावच अर्जनवीस पडलं.

आठवडाभरात रांग ओसरली. यंत्रं भरून चालायला लागली. काकासाहेबाच्या टेबलाशी कुणी फिरकेना, इतकं की त्याला जरा चुकल्यासारखंही वाटलं. व्यंकटरावांनी रजेवर सही केली. सोमवारी दुपारी त्यानं आईला दवाखान्यात दाखल केलं आणि बऱ्याच दिवसांनी निवांत जेवला.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

श्रीनिवासराव म्हणून भूजलाचे ज्येष्ठ संशोधक होते. जिल्ह्यातल्या गावागावाचं पाणी मोजायचे. त्यांना एक जुनी खोड होती. काम एकदा देऊन त्यांचा जीव भरायचा नाही, तेच काम तीनदा द्यायचे. रेल्वेच्या आरक्षणाला आपण एका खिडकीशी, मेहुणा दुसरीशी, बायको तिसरीशी; ज्याचा नंबर आधी लागेल त्याचा. मग उरलेल्यांनी रांग सोडायची असते, ते श्रीनिवासराव विसरायचे, आणि एकच गणित तीनदा होऊन बसायचं. हातानं लिहायचं होतं तोवर तीनवर भागत होतं, कारण चौथ्यांदा लिहायचा आळस. आता मात्र काकासाहेबानं त्यांना हातानं लिहिण्यातून सोडवलं होतं. सोमवारी संध्याकाळी त्यांनी चार ओळींना आणखी एक ओळ जोडली. प्रत्येक गाव घ्यायचं आणि त्याचं काम तीसदा द्यायचं. तीसच का, देव जाणे.

जिल्ह्यात गावं तेराशेच्या वर. सकाळी रांगेत चाळीसेक हजार कामं उभी होती आणि शेड्युलर धापा टाकत होता. दुसऱ्या कुणाचं काम तसूभर सरकत नव्हतं. आणि अर्जनविसाची यात काय चूक? प्रत्येक अर्ज अगदी नेमका, कामापुरता होता. एक माणूस किती मागतो हे तो बघत होता. एक माणूस कितीदा मागतो हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं या माणसांत काढून हे आपल्याला सुचू नये, याचा काकासाहेबाला स्वतःचाच असा संताप आला की त्यानं दवाखान्याच्या भिंतीवर मूठ आपटली. समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांनी त्याला पाणी दिलं.

व्यंकटराव फोनवर म्हणत होते की बाहेरून यंत्रांना हात लावायची सोय नाही, पाच मिनिटं येऊन जा, गाडी पाठवतो. काकासाहेबानं विचारलं, श्रीनिवासरावांनाच का सांगत नाही? स्वतःची कामं रद्द करायचा अधिकार ज्याचा त्याला असतोच. व्यंकटराव घुटमळले. ते सीनियर आहेत, म्हणाले, त्यांना कसं सांगायचं. तूच गुपचूप काढून टाक.

आवडाबाई पलंगावर हिरवा झगा घालून बसली होती. एक तासानं तिचा नंबर होता. तिनं सगळं ऐकलं. "जा तू," म्हणाली. "मला काय लागत नाय. खुलताबादचा सांडू हाय ना, त्याला फोन लाव, बसंल तो."

सांडू म्हणजे तिचा पुतण्या. तो यायला तास तरी लागणार होता. काकासाहेबानं घड्याळ पाहिलं. जाऊन यायला जमेल, असं स्वतःला सांगितलं. मागच्या वेळीही त्यानं अगदी हेच सांगितलं होतं. सांडूला फोन लावत तो जिना उतरला आणि फाटकाशी गाडीची वाट बघत उभा राहिला.

गाडीच्या आधी वॉर्डातली सिस्टर आली, धावत. तुमच्या आई ऑपरेशनला नाही म्हणतायत, म्हणाली. पिशवी भरतायत.

तो तीन जिने एका दमात चढला. आवडाबाई खरंच लुगड्याची घडी पिशवीत कोंबत होती. पोरगा कामात हाय, पुढल्या साली बघू, असं ती सिस्टरच्या मदतनीस बाईला समजावत होती, आवाजात कसलीही तक्रार नव्हती. ते ऐकून काकासाहेबाचा तोल गेला. साऱ्या संस्थेवरचा राग त्यानं तिथे, भर वॉर्डात, आईवर काढला.

"तिकडं एकेक जण वीस मिनिटांच्या कामाला तीन दिवस मागतो. लाज नाही वाटत कुणाला. आणि तू! दोन दिवस लई झाले म्हणती, जा म्हणती, आणि मी पाठ वळवली की पिशवी भरती. मला कसं कळायचं गं? एकदा, फक्त एकदा, काय पायजे ते तोंडानं सांग."

आवडाबाईनं लुगडं मांडीवर ठेवलं.

"मला भुलीचं भ्याव वाटतं," ती म्हणाली. "ते आत नेतेत तव्हा तू दारात पायजे. मी उठन तव्हा तूच दिसला पायजे, सांडू नको. आन् घरी गेल्यावर महिनाभर ऱ्हाय माझ्यापाशी. मला एकटीला हागाय-मुताया उठवायचं नाय." मग थांबून तिनं विचारलं, "लई झालं का?"

"नाय," काकासाहेब म्हणाला. त्यानं पिशवी पलंगाखाली सरकवली.

फोन पुन्हा वाजला. त्यानं व्यंकटरावांना सांगितलं की गाडी परत बोलवा. दोन दिवसांची रजा मी चुकीची मागितली होती, मला महिनाभर पाहिजे. रांगेचं काम श्रीनिवासरावांचं आहे आणि त्यांना सांगणं तुमचं. व्यंकटराव बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांनी विचारलं, महिना म्हणजे नक्की महिनाच का. महिनाच, तो म्हणाला.

स्ट्रेचर आलं. एकदा तोंड उघडल्यावर आवडाबाई थांबायला तयार नव्हती. पायावर पांघरूण घाल म्हणाली. उशी खाली घे. नको, वर घे. डॉक्टरला सांग, सुई बारीक टोच. दरवाजापर्यंत तिनं एवढ्या गोष्टी मागितल्या की काकासाहेब पुन्हा वैतागला, आणि वैतागतच एकेक करत गेला. आत नेताना तिनं त्याचं मनगट धरलं. "हितून हलू नको."

तो हलला नाही. सांडू आला, चहाला चल म्हणाला, तरी नाही. दुपारपर्यंत त्याला चहा हवा होता, पाठ टेकायची होती आणि लघवीला तर असह्य झालं होतं. जिना उतरून चार पावलांवर सोय होती. तो भिंतीला टेकून, पायावर पाय घट्ट दाबून, दाराकडे बघत उभा राहिला.

दार उघडलं तेव्हा आवडाबाईच्या पापण्या जड होत्या. तिनं आधी छताकडे पाहिलं, मग सांडूकडे, मग आणखी इकडेतिकडे.

"हाय गं मी," काकासाहेब म्हणाला.